वास्तवता समितीचं विमान

संसारात दार लावून घेता येईल अशी एक खोली मिळावी, यापरता लाभ नाही. हरीशला तो कायमचा मिळणार होता, आणि त्यासाठी करायचं होतं फक्त एक प्रात्यक्षिक.

आयर्लंडातल्या ब्लँचर्डस्टाउनच्या त्याच्या घरात अशी खोली एकच. तिच्यात त्याचं विमानाचं सिम्युलेटर होतं: तीन पडदे, एक दांडा, दोन पेडलं आणि वैमानिकाची वाटावी अशी खुर्ची (जुन्या टोयोटातून काढलेली). बायको वृंदा डॉक्टर. सहा आठवड्यांवर तिची परीक्षा, आणि अभ्यास जिन्याच्या चौथ्या पायरीवर. (पाचवीवर उजेड येत नाही.) करार ठरला: खऱ्या वैमानिकाने 'हे हुबेहूब खऱ्या विमानासारखं चालतं' असं सांगितलं तर खोली हरीशची, नाहीतर वृंदाची.

एकदा हरीश उड्डाण अर्धवट टाकून चहाला गेला असताना वृंदा कपाटातलं पुस्तक घ्यायला आत गेली. "हरीश, तुझं विमान तुझ्यावाचून मस्त चाललंय रे," तिने बाहेर येऊन सांगितलं. ही बाब तक्रार म्हणून नोंदवण्यात आली.

तक्रारनिवारणार्थ चेरीवूडच्या ऑफिसातल्या मित्रांची वास्तवता समिती नेमली गेली. सदस्य चार. उड्डाणाचा एकत्रित अनुभव: खिडकीजवळ एकसष्ट वेळा, मधल्या सीटवर चव्वेचाळीस. जे सोपं ते खोटं, हे तत्त्व पहिल्याच बैठकीत एकमताने संमत झालं.

"दांडा सोडला तरी सरळ जातंय?" समितीतला पियूष म्हणाला. "अरे, विमान आहे की पाळणा?"

सदर दोष तातडीने दूर करण्यात आला. विमानाची स्थिरता ठरवणारा आकडा फाइलमध्ये आधी निम्मा केला, मग पाव, आणि चौदाव्या सुधारणेत शून्याच्या खाली नेला. आता चालकाला शिंक आली तरी विमान उताणं पडे. ते सावरताना दुसरे सदस्य परेश यांची मान लचकली. (खुर्ची जागची हलली नव्हती.) वास्तवतेला आणखी कुठला पुरावा हवा?

रविवारी डेक्लन आला. किलकेनीकडचा, तीस वर्षं लोकांना विमान चालवायला शिकवलेला गृहस्थ. तीन उड्डाणं केली आणि तिन्ही वेळा शेतात कोसळला. समितीने टाळ्या वाजवल्या. खऱ्या वैमानिकालाही जमू नये, इतकं खरं विमान साऱ्या आयर्लंडात दुसरं नव्हतं.

"हे बघ हरीश," डेक्लन म्हणाला, "विमानं अशी असती, तर मी आज इथे चहा पीत नसतो. नीट जुळवलेल्या विमानाचा दांडा सोडून दे. धक्का बसला तर दोन-तीनदा डुलतं आणि आपणहून सरळ होतं. बिघडतं ते बहुतेक वेळा कुणीतरी घट्ट धरल्यामुळे. हे उद्योग कुणाचे?"

समितीने साबुदाणा वड्यांकडे पाहिलं.

डेक्लनने आकडा पूर्ववत करायला लावला आणि दांडा सोडला. विमान डुललं, सावरलं, आणि वडे संपेपर्यंत (अकरा मिनिटं) शॅनन विमानतळाच्या दिशेने नाकासमोर जात राहिलं.

"आता ग्रँड. हुबेहूब खरं," डेक्लनने निकाल दिला.

करारानुसार खोली हरीशची झाली.

"अभिनंदन," वृंदा म्हणाली. "म्हणजे या विमानाला आत तू लागत नाहीस ना?"

"तसं टेक्निकली बघितलं तर..." हरीशने सुरुवात केली. त्याचं वाक्य संपलं तेव्हा ती पुस्तकं घेऊन टोयोटाच्या खुर्चीत बसली होती आणि दार लागलेलं होतं.

अंतिम ताळेबंद असा: डेक्लनची तीन विमानं गेली, परेशची मान गेली, वृंदाचे चार आठवडे जिन्यावर गेले. खोलीची मालकी आजही हरीशकडेच आहे. तो चौथ्या पायरीवर भेटेल. समिती पंधराव्या सुधारणेच्या कामात आहे.

वाचकहो, खुशाल हसा. मागच्या प्रवासात विमान हादरलं, तेव्हा डोळे मिटून, दात आवळून, खुर्चीची कड घट्ट धरून तुम्हीच ते सुखरूप खाली उतरवलंत, याची समितीने कौतुकाने नोंद घेतली आहे. किंमत शेजारच्या प्रवाशाने मोजली. ती खुर्चीची कड नव्हती, त्याचं मनगट होतं.