कोल्हेसाहेबांची लिनक्स-मोजणी

एका जंगलात, बाळांनो, गोदाक्का नावाची एक साळिंदरीण राहत होती. तिला शाळा कुणी दाखवली नव्हती. अक्षरं ती आपली आपणच शिकली, आणि कॉम्प्युटरही. झाडपाल्याच्या औषधांचं पुस्तक तिनं वीस वर्षं खपून टाइप केलं होतं. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरतं आणि साप बाहेर पडतात. त्याआधी ते पुस्तक घरोघर पोचायला हवं होतं.

नेमका तेव्हाच तिच्या कॉम्प्युटरवर हुकूम उमटला, 'मशीन चालवणाऱ्या प्रणालीची नवी आवृत्ती घ्या. तुमच्या जुन्या मशीनवर ती चालणार नाही. मशीन बदला.'

"धडधाकट मशीन फेकू? ते काय किडकं वांगं आहे?" असं म्हणून तिनं ती प्रणालीच काढली आणि लिनक्स नावाची फुकट मिळणारी दुसरी बसवली. मशीन कसं तरण्या घोड्यासारखं धावू लागलं.

पण पुस्तक टाइप केलं होतं 'पानपसाऱ्या'त, आणि तिथंच ते अडकलं. हे सॉफ्टवेअर कोल्हेसाहेबांच्या कंपनीचं. ते लिनक्सवर चालेना, आणि त्याची फाइल दुसऱ्या कशात उघडेना.

गोदाक्का तडक कंपनीत गेली.

"साहेब, लिनक्सवर चालेल असा पानपसारा द्या."

"आक्का, लिनक्स वापरतं कोण?"

"मी वापरते. पाणमांजरं वापरतात. माकडांची अख्खी शाळा वापरते."

साहेबांनी तक्ता पुढे केला. "आमच्या मोजणीत शून्य."

"मोजता कसं?"

"पानपसारा उघडला, की तो कशावर चाललाय ते आम्हाला आपोआप कळतं."

"अहो, पण लिनक्सवर तो उघडतच नाही!"

"म्हणूनच शून्य," साहेब समाधानानं म्हणाले. "आकडे खोटं बोलत नाहीत, आक्का."

गोदाक्काचे काटे ताठ झाले. "नदीला पूल बांधायचा नाही, आणि वर म्हणायचं पलीकडून कुणी येतच नाही!"

साहेबांनी खुर्ची जरा मागे सरकवली. "तक्रारीचा अर्ज भरा ना. फक्त तो पानपसाऱ्यात उघडतो हं."

गोदाक्का घरी आली. पाणमांजरांना जमवून तिनं ती फाइल उसवायला घेतली. आधी काने एकीकडे नि वेलांट्या भलतीकडे. बारा दिवसांनी पुस्तक शब्दन् शब्द बाहेर आलं. साप निघायच्या आत बिळाबिळात पोचलं. फाइल उघडायची युक्ती तिनं सगळ्यांना फुकट वाटली. मग काय, निम्मं जंगल लिनक्सवर गेलं, आणि साहेबांची गिऱ्हाइकं भराभर गळू लागली.

तेव्हा कुठे कंपनीच्या दारात मांडव उभा राहिला, वर फलक लागला, 'पानपसारा आता लिनक्सवरही!' सिंहमहाराजांनी कोल्हेसाहेबांना 'लिनक्समित्र' पदवी दिली. साहेबांना शाल घालायला गोदाक्काला व्यासपीठावर बोलावलं.

"चार शब्द बोला ना, आक्का, आमच्या पाठिंब्याबद्दल."

"पुस्तक वाटूनही झालं, साहेब. आता पानपसारा उघडू कशाला?"

"एकदा तरी उघडा हो," साहेब तिच्या कानात कुजबुजले. "अजून कुणीच उघडलेला नाही."

तात्पर्य : बाळांनो, आपलं काम आपल्या हातानं कधी करू नये. केलं, की ज्यांनी ते केलं नाही त्यांना शाल घालायला जावं लागतं.