वेलाला पाजलेला गूळ

"यंदा पाण्याकाठची पट्टी माझी! न्हाई झाली तर ह्या मिशा गोदावरीत सोडून देईन!"

शहागडच्या वाळूत उभं राहून पुंजारामनं हे जाहीर केलं, तेव्हा ऐकायला निम्मं गाव हजर होतं. ते दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. निजामाच्या राज्यात साखर औषधाला मिळत नव्हती, पण थापांना कंट्रोल नव्हता.

दरसाल नदी ओसरली की वाळूत टरबुजाच्या वाड्या लागत. होळीच्या सुमारास रखमाजी पाटील डोळे मिटून प्रत्येकाची एकेक फोड चाखत. ज्याचं टरबूज सगळ्यांत गोड, त्याला पुढच्या साली पाण्याला लागून असलेली पट्टी. बाकीच्यांनी तापल्या वाळूतून घागरी वाहायच्या. म्हणजे बाप्यांनी नव्हे, बायकांनी! पुंजारामच्या वेलांसाठी त्याची बायको द्वारकाबाई घागरी वाहून डोकं झिजवायची, आणि पट्टी मिरवायची त्याची थोरली भावजय, चतुराबाई. घरातल्याच बाईकडून दरसाल हरणं! पुंजारामला ते दाढेत अडकलेल्या हाडासारखं सलायचं.

म्हणून त्यानं अक्कल चालवली. तिथंच घोटाळा झाला.

"अवो, ही ढेप कुठं घेऊन चालले? होळीच्या पुरणाची हाय ती!" द्वारकाबाईनं वाट अडवली.

"वेलाला गूळ पाजून राह्यलो. मूळ गोड प्यालं की फळ गोड. साधा हिशोब हाय!"

"आन माझं पुरण?"

"टरबूज खाऊन होळी कर!"

आता स्पष्टच सांगतो, हा हिशोब ठार चुकीचा. मूळ म्हणजे पोकळ नळी नव्हे, की खाली ओतलं आणि वर फळात निघालं! मुळाच्या एकेका पेशीला पातळ पडदा असतो, आणि त्या पडद्यात पक्के दरवान बसलेले असतात. मातीतले कामाचे क्षार ते निवडून आत घेतात, मिठातला नको तो भाग घुसलाच तर बखोट धरून बाहेर काढतात, आणि ह्या ओढाताणीत झाडाची ताकद खर्ची पडते. फळातली साखर येते ती पानांतून, उन्हात राबून. बरं, मुळाशी गूळ-मीठ दाट झालं, की पाणी आत यायचं सोडून उलटं बाहेर पळतं. पण हे पुंजारामला सांगणार कोण? आणि सांगितलं असतं तर तो ऐकणार होता थोडाच!

दुसऱ्या दिवशी मुंगळे आले. अंबड तालुक्यातले झाडून सगळे, लग्नाचं आवतन मिळाल्यासारखे सहकुटुंब! वेलांनी माना टाकल्या. पाठोपाठ चतुराबाई आली, पदर तोंडाला लावून.

"भावजी, वेलाला गूळ पाजला म्हणं! मंग मिरचीला तिखट पाजता का?"

"वैनी, हसू नका! कायतरी कमी पडलंय." पुंजारामनं कपाळावर हात मारला. "मीठ! चिमूटभर मिठाबिगर गोडाला चव येते का?"

आणि त्या बहाद्दरानं एकेका वेलाच्या बुडाशी मूठ मूठ मीठ टाकून पाणी सोडलं! दुपारपर्यंत सगळी वाडी आडवी, पंगत उठल्यावर वऱ्हाडी लवंडावेत तशी.

द्वारकाबाईनं पदर खोचला. "धरा घागर!"

"म्या? बाप्या माणसानं?"

"मीठ कुण्या बाईनं टाकलं का? धुवा आता. पट्टी गेली तर जल्मभर हीच घागर तुमच्या डोक्यावर ठेवीन!"

पुंजाराम नदीकडं पळू लागला. टाळू भाजली, तळपाय शेकले, मिशा खाली आल्या. गावातले बाप्ये हातचं काम टाकून तमाशा बघायला आले. घागरीमागून घागरी ओतल्या, तेव्हा वाळूतून मीठ खाली झरलं आणि थोडे वेल उठून बसले. पण सगळं मीठ काही निघालं नाही. मुळांना घोटभरच पाणी ओढता येई. फळं नारळाएवढी होऊन अडली. वरची पानं मात्र साखर करतच राहिली, आणि ती सगळी त्या एवढ्याशा फळांत दाटत गेली.

चाखणीच्या दिवशी पुंजारामचं टरबूज पाहून गाव खिंकाळलं. "टरबूज हाय का कवठ?"

पाटलांनी आधी चतुराबाईची फोड खाल्ली. "बराबर गोड!" मग पुंजारामची तोंडात घातली. डोळे उघडेनात.

"दुसरी आण," पाटील म्हणाले. दुसरी संपली. तिसरी संपली. पाटील साल कुरतडू लागले!

"पट्टी पुंजारामची!"

काय गलका झाला! चतुराबाईनं स्वतः फोड चाखली, कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "भावजी, मानलं! बिलकुल मधच हाय." द्वारकाबाईनं घागर वाळूत पालथी घातली आणि तिच्यावर अशी बसली, की हैदराबादच्या तख्तानंही सरकून जागा द्यावी!

"कशानं झालं रे?" पाटलांनी विचारलं.

"गूळ!" पुंजाराम छाती काढून म्हणाला.

पुढल्या साली पाणी उशाशी आलं. चतुराबाई फळ पिकताना पाण्याचा हात आखडता घ्यायची, हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. पुंजारामचा हात मात्र सुटला. सकाळी पाणी, दुपारी पाणी, सांजेला पाणी! टरबुजं रांजणाएवढी झाली. एकेक उचलायला दोन गडी लागले.

पाटलांनी डोळे मिटून फोड तोंडात घातली. चावली. गिळली. सगळं गाव वाकून बघत होतं.

"पुंजाराम," पाटील तोंड पुसत म्हणाले, "तहान मस्त भागली बघ!"