दिगंबर सरांचे पाद्री

आमच्या दिगंबर सरांना "जेवलात का?" असं विचारलं, तरी उत्तर सतराव्या शतकातून यायचं. "जेवलो. पण ठेच्यातली मिरची कुणी आणली, मालूम हाय का?" एवढं ऐकलं की समोरचा चपला शोधायला लागायचा. मिरची पोर्तुगिजांच्या जहाजातून आली, पेरू त्याच जहाजातून, आणि मागोमाग काळे झगे घातलेले पाद्री. त्या पाद्र्यांवर सरांनी उभा जन्म ओवाळून टाकला होता.

ताडकळसच्या अलीकडच्या आमच्या गावात ते हायस्कूलला इतिहास शिकवत, मी गणित. घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे मला सुटका नव्हती. सरांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. पाणी म्हणून काय ते गंगाखेडला गोदावरीचं. पण कोकणपट्टीत पाद्र्यांनी मराठी कशी घोटली, येशूची कथा ओव्यांत का बांधली, देवळाच्या जागी चर्च उभं राहिलं तरी जत्रेची तिथी तीच कशी राहिली, हे सगळं त्यांना तोंडपाठ. त्यावर त्यांचे लेख कुठल्या कुठल्या त्रैमासिकांत छापून येत. लग्नात लोक स्टीलचा डबा देत. सर लेखाची प्रत देत, वर हळदकुंकू लावून. बायका ती प्रत चिवड्याच्या डब्यात तळाशी घालत. गावानं त्यांचं नावच 'पाद्रीसर' करून टाकलं होतं. बाजारात एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, सर खरंच बाटलेत का म्हणून. आणि सर तर दर शनिवारी मारुतीला तेल घालणारे.

त्यांचं दुखणं एकच होतं. लिहिलेलं कुणी ऐकत नव्हतं. बायको ऐकायची म्हणे. ती गेल्यावर ते ओट्यावर बसून भिंतीला वाचून दाखवू लागले. भिंतीच्या पलीकडे मी होतो, म्हणून निम्मं मलाही पाठ झालं.

मग विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही, यावरून मराठवाडा पेटला. ठिकठिकाणी दलित वस्त्यांवर हल्ले व्हायला लागले. एका संध्याकाळी आमच्याही पारावर काठ्या जमल्या. एकाच्या हातात रॉकेलचा डबा होता. वेशीबाहेरची वस्ती पेटवायची, असं ठरलं होतं. पोलीस ठाणं लांब होतं. वस्तीतली माणसं दगड गोळा करून उभी होती. तीही काही मुकाट मार खाणारी नव्हती.

सरांनी मला त्यांची खुर्ची उचलायला लावली. स्वतः कंदील आणि कागदांचा गठ्ठा घेतला, आणि वस्तीच्या वाटेवर मधोमध जाऊन बसले. मी त्यांच्या बाजूला उभा राहिलो.

जमाव आला. पुढचा म्हणाला, "सर, बाजूला व्हा."

"होतो की. आधी हजेरी."

आणि त्यांनी खरंच हजेरी सुरू केली. सगळे त्यांचेच विद्यार्थी. नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं ध्यानात. पहिला सवयीनं "हजर" म्हणून गेला, आणि त्याला आपली चूक कळेपर्यंत दुसराही म्हणाला. तोंडाला उपरणं बांधून आलेल्यानंही "हजर, सर" म्हटलं, तेव्हा शेजारच्यानं कपाळावर हात मारला. असं नावानिशी उभं राहिल्यावर काठी कुठं ठेवावी, हे कुणाला कळेना. मग सरांनी लेख उघडला. पहिल्या पानाला मागची रांग लघवीला गेली ती गेलीच. थोड्या वेळानं कुणाला म्हैस पिळायची आठवली, कुणाला शेतातली पाण्याची मोटार बंद करायची. रॉकेलवाला सगळ्यात शेवटी गेला; वर्गातही त्याचंच लक्ष जास्त असायचं.

सरांना त्यांना अडवायचं होतं की ऐकवायचं होतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. कारण वाट मोकळी झाली तरी सर वाचतच होते. आता थांबवावं म्हणून मी वळलो, तर मागं वस्तीतली माणसं येऊन बसलेली. काहींच्या हातात अजून दगड होते.

लेख संपला. पुढं बसलेली सोजरबाई, रोजानं शेतात जाणारी म्हातारी, म्हणाली, "सर, ते लोक किरिस्ताव झाले, नावं बदलली. मग गावच्या हिरीवर पाणी भरू दिलं का त्यायला?"

सरांनी कागद चाळले, पुन्हा पहिल्यापासून चाळले.

"न्हाई लिहिलं मी ते, बाई," ते शेवटी म्हणाले. "मला सुचलंच न्हाई."

"मग बघा की. आमाला ऐकायचंय."

सरांनी चष्मा काढला. इतक्या वर्षांत त्यांना कुणी पुढचं विचारलं नव्हतं. सगळ्यांदेखत ते रडायला लागले, आणि मला अवघडल्यासारखं व्हायच्या ऐवजी फार बरं वाटलं.

"उद्या येऊ का?" त्यांनी विचारलं.

"या," सोजरबाई म्हणाली. "पर ती खुर्ची नका आणू. आमी खाली बसतोत, तुमी बी बसा."