कपाटामागची भिंत

सकाळी नवाच्या ठोक्याला कमलवैनींनी मुलाला लोखंडी कपाट पुढे ओढायला लावलं, तेव्हाच सून मेघना पुटपुटली, आज या घरात काहीतरी पडणार. कपाट, नाहीतर इज्जत.

"आई, मला ऑफिसला उशीर होतोय," कपाटाला खांदा लावून गौतम कण्हला.

"ओढ आणि जा. ऑफिस काय पळून जातंय? आणि कपाट आहे ते, हत्ती नाय. तुझ्या बापाने एकट्याने बसवलेलं."

झालं होतं असं. लालबागच्या त्या तीन मजली चाळीच्या जागी टॉवर होणार, हे गेली दहा वर्षं नुसतं ऐकायला येत होतं. काल संध्याकाळी चाळ कमिटीचा सेक्रेटरी हितेंद्र गॅलरीत उभा राहून नोटीस वाचून गेला. आज चार वाजता बिल्डरचा माणूस मापं घ्यायला येणार. खोलीचं माप आतल्या अंगाने घेतलं जाईल. बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि सीरियल बघायला गेले. कमलवैनींच्या डोक्यात मात्र 'आतल्या अंगाने' हे दोन शब्द दाताच्या फटीत सुपारी अडकावी तसे अडकून बसले.

भिंतीच्या आतल्या अंगाला काय असतं? रंग. पंचेचाळीस वर्षांचे थरावर थर. वैनींनी एका पोपड्यात नख घालून बघितलं, तर बोटभर जाडी भरली. ही बोटभर जागा कुणाची? आपली. मग ती रंगाने का खायची?

"आई, बोटभराने काय टॉवरमध्ये हॉल मिळणार आहे?" गौतमने विचारलं.

"बोट बोट करूनच हात होतो. तू गणितात नापास झालास तो काय उगाच नाय." वैनी स्वतः दुसरीपर्यंत शिकलेल्या, पण हिशेबात कुणाला ऐकायच्या नाहीत.

दोघं कामावर गेली. वैनींनी पदर खोचला आणि नवऱ्याची हत्यारांची पत्र्याची पेटी माळ्यावरून काढली. लवूभाऊंना जाऊन बारा वर्षं झाली होती, पण छिन्नीची धार अजून जिवंत. लवूभाऊ मिलच्या सुतारखात्यात होते. हाताने केलेल्या प्रत्येक वस्तूवर ते पेन्सिलीने नाव आणि साल लिहायचे. पाट, शिडी, उंदराचा पिंजरा, सगळ्यावर 'लवू'.

त्यांच्या सगळ्या कारागिरीत वैनींना अभिमान होता तो हे कपाट बसवल्याचा. कपाट माहेरून आलेलं. खोलीत ठेवलं तर वीतभर पुढे यायचं आणि दार अर्धंच उघडायचं. वर्षभर घरातली माणसं खेकड्यासारखी आडवी आत शिरत होती. मग वैनी बाळंतपणाला माहेरी गेल्या आणि गौतमला घेऊन परत आल्या, तर साच्यात मोदक बसावा तसं कपाट बसलेलं आणि दार सताड उघडं! "कसं हो केलंत?" तर लवूभाऊ नुसते हसले. ही कथा वैनींनी चाळीतल्या प्रत्येक नव्या सुनेला ऐकवली होती. शेवट ठरलेला, "अशी कला लागते. नायतर ती शेजारीण बघा. तिची नुसती दुसऱ्याच्या जागेवर नजर."

शेजारीण म्हणजे सुमती. तिच्या मोगऱ्याची कुंडी गॅलरीत दोन दारांच्या मधली हद्द ओलांडून वैनींच्या बाजूला आलेली असायची. रोज सकाळी गॅलरी धुताना वैनी ती पायाने मागे सारायच्या आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "परक्याच्या जागेवर डोळा ठेवणाऱ्याचं कधी भलं होत नाय!" सुमती बोलायची नाही. संध्याकाळी कुंडी परत तिथेच. चाळीस वर्षं हा कार्यक्रम एक दिवस चुकला नव्हता.

त्याच सुमतीच्या बाजूची भिंत वैनींनी पहिली धरली. छिन्नी टेकवून हातोडी मारली, तसे पोपडे पापडासारखे सुटायला लागले. वरची पुट्टी लॉकडाऊनमधली. तिच्याखाली पिस्ता, गौतमच्या लग्नातला. मग निळा, टीव्ही आला त्या सालचा. संपाच्या वर्षी रंग नव्हताच, नुसता चुना, तोही ताकासारखा पातळ. वैनी साल न् साल सोलत आत चालल्या. मधेच हात थांबवला तरी खरवडल्याचा आवाज येतच राहिला.

'उंदीर असेल,' त्या म्हणाल्या. 'पण चांगलाच खातापिता दिसतो.' आणि त्यांनी हातोडीचा एक चांगला दणका दिला.

धप्प!

आधी चुना पडला, मग चुन्यामागच्या लाकडी पट्ट्या, मग पट्ट्यांमागचा चुना. धुरळा एवढा उठला की वैनींना आपलाच हात दिसेना. तो खाली बसला तेव्हा भिंतीला दरवाजाएवढं भगदाड होतं आणि भगदाडात एक पांढरंफटक भूत उभं होतं.

"भूत!" वैनी किंचाळल्या.

"भूत!" ते भूतही किंचाळलं. त्याच्या हातात उलथनं होतं.

"सुमती?"

"वैनी?"

दोघी डोळे फाडून एकमेकींकडे बघत राहिल्या. सुमतीच्या कपाळावरचं कुंकू तेवढं ओळखू येत होतं.

"तू काय करत होतीस गो माझ्या भिंतीला?"

"तुमचा आवाज ऐकला खरवडायचा. म्हटलं, वैनी काढतायत म्हणजे कायतरी फायदा असणारच. मी पण घेतलं काढायला."

"शिरा पडली तुझ्या तोंडार! एकाच भिंतीला दोघींनी दोन्हीकडून खाल्ल्यावर ती राहणार कशी? हावरट मेली! बोटभर जागेसाठी भिंत पाडलीस!"

"आणि तुम्ही काय पूजा करत होता तिची?"

याला जोरदार उत्तर द्यायला वैनींनी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. पडलेल्या भिंतीच्या तळाशी आडवी फळी होती आणि फळीवर पेन्सिलीची अक्षरं. वैनी खाली वाकल्या. पहिला शब्द त्यांना लगेच लागला, कारण तो घरात सगळीकडे होता. लवू. पुढचं त्यांनी बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत वाचलं.

'लवू. कपाटासाठी वीतभर सरकवली. १९७८.'

त्यांनी मागे वळून बघितलं. कपाट जिथे असायचं तिथे, धुळीखाली, लादीवर सिमेंटची सरळ पट्टी होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. जुन्या भिंतीची जागा. खोलीभर लादीला कडेने फुलांचा काठ होता. इथे मात्र पट्टीच्या पलीकडेही काठ होता, तो सुमतीच्या खोलीचा. त्या साली शेजारची खोली चार महिने कुलूपबंद होती, हेही आत्ताच आठवायचं होतं. समोरच्या भिंतीवर हार घातलेल्या फोटोत लवूभाऊ तसेच हसत होते, नुसते.

"काय झालं वैनी? काय बघताय?" सुमती पुढे झाली.

वैनी मटकन् त्या फळीवर, थेट अक्षरांवरच, बसल्या. लुगड्याचा घोळ दोन्हीकडे पसरला. अर्ध्या आपल्या घरात, अर्ध्या सुमतीच्या.

"कंबर धरली," त्या म्हणाल्या.

"हात द्या, उठवते."

"हात लावायचा नाय! हलले की जीव जाईल. मी हितंच बसणार."

सुमतीने नवऱ्याला हाक मारली. चिंतामणी म्हणजे आयुष्यभर गिरगावात कारकुनी केलेला, मोजून बोलणारा माणूस. त्याने भगदाड बघितलं, वैनींना बघितलं, लादीकडे क्षणभर बघितलं आणि चष्मा पुसायला घेतला. "चहा ठेव," एवढंच म्हणाला.

तेवढ्यात हितेंद्र धावत वर आला. "वैनी! हे काय? कुणी पाडली?"

"मी हितनं उठणार नाय," वैनी म्हणाल्या. दुसरं काय बोलणार?

हितेंद्रच्या बापाने, काकाने आणि आजोबांनी आयुष्याचा निम्मा काळ मिलच्या गेटवर धरणं धरण्यात घालवला होता. त्याला त्या एका वाक्याचा अर्थ बरोबर लागला. तो गॅलरीत जाऊन ओरडला, "कमलवैनी बिल्डरच्या विरोधात भिंतीत बसल्यात! मापच घेऊ देत नाहीत!"

दहा मिनिटांत दुसरा मजला गोळा झाला. वैनी बसल्यात म्हणजे काहीतरी कारण असणारच, असं म्हणत कोपऱ्यातली सुचित्रा चटई घेऊन आली आणि वैनींच्या शेजारी बसली. मग तिची जाऊ. मग तळमजल्यावरच्या तिघी. एकीने कुकर गॅसवर ठेवलेला, ती आलटून पालटून बसत होती. कुणीतरी आरोळी दिली, "कमलवैनी, आगे बढो!"

"अगे नको, मला हलायचं नाय," वैनी कळवळून म्हणाल्या. त्यावर टाळ्या पडल्या.

"उठेन म्हणत नाय बघ," सुचित्रा डोळे पुसत म्हणाली. "याला म्हणतात गिरणगाव."

साडेतीनलाच बिल्डरचा माणूस आला. विनीत नाव, पाठीला सॅक, हातात माप घ्यायचं छोटं यंत्र. घोषणा ऐकून तो जिन्यातच दोन पायऱ्या मागे सरकला. चिंतामणीने त्याला हाताला धरून आत आणलं. त्याने भीतभीत यंत्र वैनींच्या भिंतीला टेकवून बटण दाबलं. लाल ठिपका वैनींच्या डोक्यावरून भगदाडातून गेला आणि सुमतीच्या देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाच्या पोटावर जाऊन बसला.

"वीस फूट सात इंच," विनीत म्हणाला. "आजी, खोली बरीच मोठी आहे हो तुमची."

आपली खोली मोठी आहे, हे वाक्य ऐकायला वैनी पंचेचाळीस वर्षं तरसल्या होत्या. आज ते ऐकून त्यांना दरदरून घाम फुटला. "मोठी कसली? लहान आहे! एकदम लहान आहे माझी खोली!"

"मोठी असू दे की लहान असू दे," विनीत म्हणाला, "सगळ्या खोल्यांना सारखीच जागा मिळणार आहे. करारातच आहे ना. माप नुसतं फायलीला लागतं."

सगळ्यांनी हितेंद्रकडे बघितलं.

"म्हणजे करार मी वाचलाय," हितेंद्र म्हणाला. "अर्धा."

मग बायका एकेक करून चटया गुंडाळायला लागल्या. विनीतने फायलीत 'भिंत नाही' असं लिहिलं आणि पळाला. सुचित्रा जाताना म्हणाली, "उठा आता वैनी. जिंकलो."

वैनी उठल्या नाहीत. खोल्या रिकाम्या झाल्या. उरली सुमती, तिचा नवरा आणि निवलेला चहा.

"वैनी, उठा," चिंतामणी हळूच म्हणाला. "लादीचं मला पहिल्या दिवसापासून माहितेय. आमच्या खोलीत फुलांचा काठ तीनच बाजूंना आहे. चौथा कुठे गेला, हे कारकुनाला कळायला किती वेळ लागतो?"

वैनींनी मान वर केली. "मग... बोलला नाहीत कधी?"

"लवूला बोललो. बिचारा लाजून अर्धा झाला. म्हणाला, कपाट आता हलत नाही, तुमची वीत तुम्ही गॅलरीत घ्या. स्वतः हात पसरून मोजून दिली. तिथे हिने कुंडी ठेवली."

"आणि मला?"

"म्हणाला, हिला सांगू नका. मग माझं कपाटही जाईल, कुंडीही जाईल आणि मीही जाईन."

वैनींनी फोटोकडे बघितलं. मग सुमतीकडे. चाळीस वर्षं रोज सकाळी आपण काय काय ओरडलो, ते सगळं एकदम रांगेत उभं राहिलं. "तू तरी बोलायचंस गो."

"भावजींनी शपथ घातलेली," सुमती म्हणाली. "आणि खरं सांगू? तुम्ही ओरडायच्या तेव्हा मला आत हसू यायचं. माझी करमणूक व्हायची."

संध्याकाळी गौतम घरी आला, तेव्हा आई भिंतीत बसून शेजारणीबरोबर चहा पीत होती. त्याने ऑफिसची बॅग खाली ठेवली नाही, ती आपोआप गळाली. मेघनाने एकदाच बघितलं आणि म्हणाली, "म्हटलं होतं ना?"

"आई, आता भिंत कुठे घालायची?" सगळं ऐकल्यावर त्याने विचारलं.

वैनींनी जीव घट्ट करून सिमेंटच्या पट्टीकडे बोट दाखवलं. सुमतीने त्यांचा हात धरून खाली केला. "कपाट कुठं ठेवाल मग? डोक्यावर? राहू दे भिंत आहे तिथं. कुंडी पण राहील आहे तिथं."

दुसऱ्या दिवशी सकाळी वैनी गॅलरी धुवायला निघाल्या. कुंडीशी आल्यावर सवयीने पाय उचलला गेला आणि तसाच हवेत राहिला. तो त्यांनी हळूच खाली ठेवला. इकडेतिकडे बघितलं. मग खाली बसून दोन दारांच्या मधल्या खांबापासून कुंडीच्या कडेपर्यंत वीत घातली. वीत भरली आणि वर दोन बोटं उरली.

"सुमते!" सगळा मजला दचकला. "भायेर ये! वीत ठरलेली ना? मग ही वरची दोन बोटं कुणाच्या बापाची?"

आतला भांड्यांचा आवाज थांबला. सुमती ओले हात पुसत दारात आली. "मापलंत कुणाच्या हाताने, वैनी?"

"माझ्या!"

"वीत भावजींची ठरली होती."

वैनींनी आपला पसरलेला पंजा बघितला. लहानखुरा, हातोडीने कालच सोलवटलेला. मग तांब्यात उरलेलं पाणी त्यांनी मोगऱ्याच्या मुळाशी ओतलं.

"मेल्याचा हात तरी केवढा होता," त्या पुटपुटल्या आणि कुंडी जरा नीट, होती तिथेच, टेकवून आत गेल्या.