योसेफकाकांच्या पाठीमागे

योसेफकाका भिंतीला पाठ टेकल्याशिवाय बसत नाहीत. बसमध्ये शेवटची सीट, आमच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने आपला पदार्थ आणायच्या जेवणाला, फ्रिजची बाजू. दही काढायचं तर आधी काकांना हलवावं लागतं.

अमेरिकेत, ॲन आर्बरमधले हे माझे शेजारी तरुणपणी, म्हणजे पन्नासच्या दशकात, ऑस्ट्रियात फुटबॉल खेळायचे. बचावफळीत, डावीकडे. अख्ख्या कारकिर्दीत एकही गोल नाही आणि त्याचाच तोरा! "मध्यरेषा ओलांडणं आमचं काम नव्हतं." रविवारी आमच्या मराठी विद्यार्थ्यांच्या टोळक्यात खेळतानाही समोर मोकळं रान असलं तरी रेषेवर ब्रेक. "काका, पुढे जा ना यार!" पोरं बोंबलतात. काका चेंडू दुसऱ्याला देऊन मोकळे.

मला अशा माणसांचा संताप येतो. नुसता बचाव करून कधी अन्याय हटलाय? आम्ही खेळतो तेच वसाहतीमागचं मैदान मोडून पार्किंग करायचा घाट मालकांनी घातला. मी पत्रकं काढली: 'गाड्यांना जागा, माणसांना नाही?' शहराच्या सुनावणीत बोला म्हणून काकांच्या मागे लागले.

"मी पुढे जात नाही."

"काका, हा शुद्ध पळपुटेपणा आहे!"

ते चिडले नाहीत. म्हणाले, "आमचा गोलकीपर मागून सतत आवाज द्यायचा. तुमची पोरं देतात ना, 'आहे!' तसा. मला वळून बघावंच लागायचं नाही. नंतर घरात बायको होती. आता भिंत बरी."

'आहे' एवढं एकच मराठी त्यांना येतं.

सुनावणीत माझा आवाज पत्रकातल्यासारखा निघेना. समोरच्या साहेबांनी विचारलं, "तुमच्याशिवाय कुणाला हवंय हे मैदान?" माझ्या टोळक्यातल्या शूरवीरांनी फ्लिप फोनवरून 'मिडटर्म परीक्षा आहे' कळवून टांग मारलेली. तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला:

"आहे!"

दाराजवळच्या भिंतीला टेकून काका उभे. साहेबांना काही कळलं नाही. मला कळलं. मग मी जी सुटले, ती साहेबांनी वेळ संपल्याचं सांगेपर्यंत.

निर्णय पुढे ढकललाय. या उन्हाळ्यापुरतं मैदान वाचलं. नवं पत्रक छापायला टाकलंय.

रविवारी आमचा गोलकीपर उगवलाच नाही, म्हणून मी उभी राहिले. मला चेंडू अडवता येत नाही, ओरडता येतं. काकांकडे पास आला. रेषेपाशी ते थबकले. मान किंचित वळायला लागली.

"आहे!" मी मागून बोंबलले.

मान वळलीच नाही. योसेफकाका रेषा ओलांडून धावत सुटले. त्यांनी मारलेला चेंडू गोलापासून लांब, थेट झुडपात गेला. पण परत यायची घाई त्यांना नव्हती. मैदानाच्या त्या टोकाला ते निवांत उभे राहिले, आम्हा सगळ्यांकडे पाठ करून.