आधी उजवी रेघ

नांदूरघाटचे किराणा दुकानदार केदारनाथ यांची मुलगी प्रणिता नर्सिंग शिकली होती आणि तिला जपानमधल्या एका वृद्धाश्रमात नोकरी हवी होती. त्यासाठी बीडच्या प्रशिक्षण केंद्राची अक्षरलेखन परीक्षा उत्तीर्ण होणं आवश्यक होतं. परीक्षेत 'माणूस' हे जपानी अक्षर आलं. त्यात रेघा दोनच. आधी डावी, मग उजवी. एका जपानी शिक्षिकेचे धडे मोबाईलवर बघून प्रणिताने ते सहा महिने गिरवलं होतं.

ती नापास झाली.

परीक्षक राजेश्वर सरांनी रेघांच्या क्रमाचा मंजूर तक्ता पुढे केला. त्यात उजव्या रेघेवर एक आणि डाव्या रेघेवर दोन असे आकडे छापले होते. ही छपाईची चूक आहे, असं तिने नम्रपणे निदर्शनास आणून दिलं.

"चूक आसंल बी," सर शांतपणे म्हणाले, "पण मंजूर हाय."

तिने अर्ज केला. तीन महिन्यांनी चौकशी समिती बसली. तीत एक निवृत्त तलाठी, एक चित्रकला शिक्षक आणि तक्ता छापणाऱ्या छापखान्याचे मालक होते. जपानी कुणालाच येत नसल्यामुळे समिती निःपक्षपाती ठरली. जपानमधील प्रचलित पद्धत बीड जिल्ह्यास लागू नाही, असा समितीने एकमताने निष्कर्ष काढला.

"दोन रेघांपायी नोकरी कामून घालवतीस?" केदारनाथ लेकीला म्हणाले. "लिही की त्यांच्यावानी."

पहिल्या दिवशी हात ऐकेना. प्रणिताला रडू आलं. पंधरा दिवसांत हात वळला. फेरपरीक्षेत शंभरपैकी शंभर गुण मिळाले, शाल मिळाली, पेपरात फोटो आला.

मग वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापक बाईंनी व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेतली. त्यांनी 'माणूस' लिहून दाखवायला सांगितलं. प्रणिताचा हात सरावाने उजवीकडे गेला. बाई किंचित झुकल्या, आभार मानले आणि आठवड्याने कळवलं की उमेदवाराचा पाया कच्चा आहे.

शंभर गुणांची मुलगी केंद्राने मात्र वाया जाऊ दिली नाही. तिला तिथेच शिक्षिका म्हणून नेमलं. पहिल्याच तुकडीत मोहिनी नावाच्या मुलीने डावी रेघ आधी काढली. प्रणिताने वही जवळ ओढली. मग तिने लाल पेनाने फुली मारली आणि तक्ता पुढे केला.

हे वाचून हसू आलं असेल, तर आपण 'अ' लिहिताना पहिली रेघ कुठली काढतो ते कागदावर बघावं. ती तशीच का, हे कुणाला विचारल्याचं आठवतंय का, तेही बघावं.