न बिघडलेला हीटर

"घरात कानटोप्या घालून का बसलाय दोघं?" शनिवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर उल्काच्या आईने पहिलाच प्रश्न टाकला.

सातासमुद्रापलीकडे शॉमबर्गमध्ये बाहेर बर्फ होता आणि घरात हीटरचा थर्मोस्टॅट साठ फॅरनहाइटवर, म्हणजे जेमतेम पंधरा सेल्सियसवर. घरभाडं वाढलं, गॅसचं बिल जवळपास दुप्पट झालं, तेव्हापासून तिच्या नवऱ्याने, परीक्षितने, त्या बटणाला हात लावायला बंदी केली होती. सांगलीला जायचं सलग तिसऱ्या वर्षी पुढे ढकललं होतं. पण हे आईला सांगितलं, तर ती उलट स्वतःच्या पेन्शनमधून पैसे पाठवायला निघाली असती.

"हीटर बिघडलाय गं," उल्का बोलून गेली. "मेकॅनिक सोमवारी येतोय."

"सोमवारपर्यंत गोठाल की! आमच्या वर्गातला नरेंद्र तिकडेच असतो. इंजिनिअर होता. आत्ता सांगते त्याला."

"आई, नको, ऐक ना..."

फोन बंद झाला होता.

संध्याकाळी सातला नरेंद्रकाका हत्यारांची पेटी घेऊन दारात हजर. मागे वसुधाकाकू, नखशिखान्त लोकरीत.

"आता काय करायचं?" परीक्षित कुजबुजला.

"जाऊन काहीतरी बिघडव!"

परीक्षित बेसमेंटमध्ये धावला आणि घाईत त्याने अख्ख्या घराचीच वीज घालवली. काकूंचा पाय बुटांच्या ढिगात अडकला, काका खांबावर आपटले. शेवटी टॉर्च घेऊन काकाच खाली उतरले आणि दोन मिनिटांत वर आले. दिवे लागले होते.

"हीटर ठणठणीत आहे," ते म्हणाले. "साठवर ठेवलाय, एवढंच."

उल्काने मान खाली घातली. "काका, बिलं परवडत नाहीत हो. प्लीज, आईला सांगू नका."

"साठ?" काकूंनी मफलर सोडला. "आमच्याकडे छप्पन असतं. म्हणून तर मीही आले. म्हटलं, यांनी दुरुस्त केला की तासभर उबेला बसू."

मग परीक्षित स्वतः उठला आणि त्याने थर्मोस्टॅट सत्तरवर नेला. उल्काने आल्याचा चहा टाकला.

रात्री साडेआठला आईचा व्हिडिओ कॉल आला. "झाला का रे दुरुस्त?"

"झाला. मोठा बिघाड होता," काका गंभीरपणे म्हणाले.

"तू कधी येणार सांगलीला? सहा वर्षं झाली. आणि उल्का, तुम्ही?"

"बघू," दोघं एकदमच म्हणाले.

आईने फोन फिरवला. तिकडे सांगलीत गच्चीवर रविवार सकाळचं कोवळं ऊन पसरलं होतं आणि चटई रिकामी होती.

"बघा, कसं छान पडलंय," ती म्हणाली. "अंगावर घ्यायला कुणी नाही इथे."

घरात एव्हाना चांगली ऊब आली होती. तरीही नरेंद्रकाकांनी नकळत दोन्ही तळवे फोनसमोर धरले. उल्काने फोन त्यांच्याकडे जरा सरकवला.